जिनमधलं फळ बाहेर कधी काढायचं?

*काकू, नमस्कार. माहेर वाईचं, गेली सहा वर्षं ब्रिस्टलमध्ये आहे. मागच्या ऑक्टोबरात ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर शेताच्या कडेकडेने फिरायला गेले होते. कुंपणाला काळीनिळी फळं लागलेली आणि काटे असे, की स्वेटरचे धागे निघाले. मला एकदम करवंदाच्या जाळ्या आठवल्या. मैत्रीण म्हणाली, हे स्लो, याची जिन करतात. अर्धा किलो फळं, अर्धा किलो साखर आणि ७०० मिलिची एक बाटली जिन बरणीत भरून ठेवली. नाताळात गाळली तर रंग सुंदर, पण चव खोकल्याच्या औषधाची! यंदा जूनमध्ये स्ट्रॉबेरी घातली आणि विसरले. दोन महिन्यांनी बघते तर फळं भिजल्या कापसासारखी, जिन विटकरी, वास शिळ्या जॅमचा. माझं काय चुकतंय?*

*आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तिकडे जाऊन घरात दारू गाळायला लागलीस?" बाबांना मात्र उत्साह. शनिवारी दोन पेग घेतात. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांचं म्हणणं, जांभूळ शुगरवर औषध, तेव्हा जांभळाची जिन केली तर दोन्ही साधेल. मे महिन्यात घरी जाणार आहे. एक बाटली नेऊ का? की तिथेच करवंदांची करू?*

*– एक वाचक, ब्रिस्टल*

---

आधी तुमच्या बरणीबद्दल बोलू, मग बाबांबद्दल. बाबांचं प्रकरण जरा नाजूक आहे.

आपण घरी काय बघत मोठं होतो? बरणी भरायची, तोंडाला दादरा बांधायचा, फडताळात ठेवायची आणि विसरायची. लोणचं जितकं जुनं तितकं मुरलेलं, मोरावळा वर्षभराचा असेल तर उत्तम. ही सवय हातात इतकी भिनलेली असते की जिनची बरणीही आपण त्याच हाताने भरतो. पण लोणचं मुरतं, म्हणजे फोड आणि खार यांचं एकमेकांत जमतं, आणि खायची ती फोडच असते. जिनमध्ये फळ मुरवायचं नसतं, फळाचा अर्क उतरवून घ्यायचा असतो. अल्कोहोल आधी वास आणि रंग ओढतं. मग आंबटपणा, मग सालीतला तुरटपणा, आणि सगळ्यात शेवटी तो शिजल्या फळाचा मातकट वास. मधेच कुठेतरी थांबायचं असतं. तुमची स्ट्रॉबेरी चौथ्या दिवशी बाहेर यायला हवी होती, ती साठ दिवस आत राहिली.

स्लोचं उलट झालं. त्याला वेळ तुम्ही बरोबर दिलात, साखरेने घात केला.

जरा हिशोब करून बघा. ब्रिटनमध्ये जिन किमान ३७.५ टक्के अल्कोहोलची असावी लागते, आणि साध्या बाटल्या बहुतेक तेवढ्याच असतात. म्हणजे तुमच्या ७०० मिलिमध्ये शुद्ध अल्कोहोल झालं साधारण २६२ मिलि. अर्धा किलो साखर विरघळली की तीनशे मिलिच्या वर जागा खाते. अर्धा किलो फळांतलं पाणी सुटतं ते वेगळं. सगळं मिळून सव्वा-दीड लिटरच्या घरात द्रव, आणि त्यात तेच २६२ मिलि. म्हणजे तुमची जिन विशीच्या आसपास उतरली. तिकडच्या नियमानुसार 'स्लो जिन' या नावाने विकायची तर किमान २५ टक्के लागतात. तुमच्या हातात आलं ते सरबत, वर जिनचा वास. खोकल्याच्या औषधाची आठवण झाली यात जिभेची चूक नाही.

जुन्या इंग्रजी घरांतलं प्रमाण साधारण फळांच्या निम्मी साखर असं असतं. मला तेही जास्त वाटतं. मी तर सुरुवातीला साखर घालूच नका म्हणेन. साखर फळातला रस ओढून काढते हे खरं, आपण मोरंब्यात तेच करतो. पण आधी घातलेली साखर परत काढता येत नाही. शेवटी घातली तर चमचा चमचा करून आपल्या जिभेला पटेल तिथे थांबता येतं. अशा बाबतीत मी भित्री आहे आणि त्याचा मला फायदाच झालाय.

तर यंदाचं असं करा.

स्लो तोडताना आधी ओळख पक्की करा. काटेरी झुडूप, द्राक्षावर असते तशी पांढुरकी राख फळावर, बोटाने पुसली की खाली काळंनिळं, आणि आत एकच कठीण बी. एकाच बियेची खूण महत्त्वाची आहे, कारण तिकडच्या कुंपणांत बकथॉर्नची काळी फळंही असतात. त्यांत दोन-चार बिया असतात आणि ती खाल्ली तर पोट जे सुटतं ते थांबत नाही. शंका आली तर ते झाड सोडा. आणि सगळी फळं ओरबाडू नका, हिवाळ्यात पाखरांना तीच असतात.

म्हातारी माणसं सांगतात, पहिलं हिमदव पडल्यावरच स्लो तोडावं. त्यामागचं कारण साधं आहे. थंडीने साल तडकते आणि रस सुटायला वाट मिळते. हिमदवाची वाट बघत बसलात तर पाखरं आधी येतील. तोडून आणा, धुवा, पुसा, रात्रभर फ्रीझरमध्ये टाका. सकाळी तडकलेली असतील. एकेक फळ सुईने टोचत बसायचं काम वाचलं. काही लोक त्याच झुडपाच्या काट्याने टोचतात. ते करताना छान वाटतं, पण साडेचारशे ग्रॅम फळं टोचायला बसून बघा एकदा.

साडेचारशे ग्रॅम फळं, ७०० मिलि जिन, दीड लिटरची काचेची बरणी. काचेचीच. लोणच्याची प्लॅस्टिकची नको, हिंगमोहरीचा वास त्यातून जन्मात जात नाही. आजीची चिनी मातीची बरणीही नको. जुन्या बरण्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, आणि आंबट फळ व अल्कोहोल दोन्ही मिळून ते बाहेर काढतात. याच कारणाने क्रिस्टलच्या देखण्या सुरईत मद्य महिनोन् महिने भरून ठेवू नये.

फळं द्रवाखाली बुडालेली हवीत. लोणच्यावर तेलाचा थर का ठेवतो? तेच. वर तरंगणारं फळ हवेला उघडं पडतं आणि तिथूनच बुरशी धरते. पहिला आठवडा रोज बरणी हलवा, मग आठवड्यातून एकदा. अंधारात ठेवा, कारण हा जांभळा रंग उजेडात फिका पडतो. ओट्यावर खिडकीत ठेवून फोटो काढण्यासारखी दिसते, हे मला मान्य आहे. फोटो काढा आणि परत कपाटात ठेवा.

सहा आठवड्यांनी पहिला चमचा चाखा. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर घसा धरतो ना, तसं होईल. थांबा. मग दर पंधरवड्याला चाखा. दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या दरम्यान एक मजा होते. बियांमधून कडू बदामासारखा मंद वास उतरायला लागतो. स्लो जिनची खरी ओळख तीच. तो वास पुढे येऊन फळाच्या बरोबरीला बसला की गाळा. त्याहून पुढे जाऊ नका. हा वास ज्या द्रव्यापासून येतो ते जर्दाळूच्या कडू बीमध्येही असतं, आणि फुटून त्यातून सायनाइडही सुटतं. अख्ख्या बिया तीन महिने राहिल्या तर काळजीचं कारण नाही, पण बिया ठेचायच्या नाहीत, मिक्सरला तर फळ लावायचंच नाही, आणि बरणी वर्षभर तशीच सोडायची नाही.

गाळताना मलमल घ्या आणि पिळू नका. चक्क्याचं दही टांगतो तसं स्वतःच्या वजनाने ठिबकू द्या. पिळलं की गर उतरतो आणि जिन गढूळ होते. मग दीडशे ग्रॅम साखर पाऊण वाटी गरम पाण्यात विरघळवा, पूर्ण गार करा आणि त्यातला निम्मा पाक आधी घाला. चाखा. एक दिवस थांबून पुन्हा चाखा, कारण गोडी दुसऱ्या दिवशी वेगळी लागते. सगळा पाक लागेलच असं नाही. आठवड्याने खाली साका बसेल, वरचं नितळ अलगद दुसऱ्या बाटलीत ओता. ही बाटली मात्र लोणच्यासारखी विसरायला हरकत नाही. फळ एकदा निघालं की काळ तिचं भलंच करतो. पुढच्या नाताळापर्यंत एक ठेवून बघा, तुरटपणाची सगळी टोकं गेलेली असतील.

उरलेली स्लो टाकू नका. तुम्ही ब्रिस्टलला आहात, म्हणजे साइडरच्या, सफरचंदाच्या रसापासून केलेल्या मद्याच्या, मुलखात. तिकडे जुन्या लोकांत जिनमधून काढलेली स्लो कोरड्या साइडरमध्ये घालून ठेवतात आणि त्याला 'स्लायडर' म्हणतात. दोन-चार आठवड्यांत तयार होतं. शेजाऱ्यांना विचारा, कुणीतरी आजोबा डोळे मिचकावून सांगतील.

स्ट्रॉबेरीला फार सांगायचं नाही. तीनशे ग्रॅम फळ, देठ काढून दोन तुकडे, एक बाटली जिन. दुसऱ्या दिवसापासून रोज चाखायची. फळं फिकी पडली की रंग आणि वास तुमच्या जिनमध्ये आला, फळात काही उरलं नाही. तिसरा-चौथा दिवस. काढा, गाळा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा, कारण हा लाल रंग टिकाऊ नाही, हळूहळू विटकरीकडे जातोच. लिंबा-संत्र्याची साल याहून घाईची, एक दिवस पुरे. तीही फक्त वरची रंगीत, आतला पांढरा भाग आला की कडू. लवंग-दालचिनी घालायची हौस असेल तर संध्याकाळी घालून सकाळी काढा. एक लवंग रात्रभरात अख्खी बाटली ताब्यात घेते.

हापूस घालू का, असं पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आत्ताच सांगते. नाही. गर विरघळून गढूळ होतं, वास निम्मा होतो आणि हापूस वाया जातो तो वेगळाच. हापूस खा. कैरीच्या फोडी घाला हवं तर, तीन-चार दिवस, त्या छान लागतात.

आता आईचा प्रश्न. 'गाळणं' या शब्दाने घोळ केलाय. मराठीत दारू गाळणं म्हणजे भट्टी लावणं: सडवा आंबवायचा, उकळायचा, वाफ थंड करून धरायची. ते घरी करणं ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय गुन्हा आहे, आपल्याकडेही आहे, आणि चुकलं तर डोळे जाण्यापर्यंत वेळ येते. तुम्ही यातलं काहीच करत नाही. कर भरून दुकानात विकलेली जिन आणून त्यात फळ भिजवताय. आंबत काही नाही, उकळत काही नाही, नवीन अल्कोहोल एक थेंबही तयार होत नाही, उलट फळाच्या पाण्याने ते कमीच होतं. आईला म्हणावं, गाळते ती मलमलीतून. फक्त विकू नका. शाळेच्या मेळाव्यात टेबल लावून बाटल्या विकायच्या तर तिथेही परवाना लागतो.

बाटली विमानातून नेता येईल का? घरची नाही. २४ ते ७० टक्क्यांमधलं मद्य सामानात टाकायचं तर ते दुकानातल्या मूळ बाटलीतच लागतं. तुमची बरणीतून भरलेली, बूच लावलेली बाटली त्यात बसत नाही. हातातल्या पिशवीचा तर विचारच सोडा. प्रमाण नीट जमलं तर यंदाची जिन पंचविशीच्या आसपास येईल, आणि सामान तपासणाऱ्याशी टक्क्यांवरून वाद घालायला तुम्ही थांबणार का? शिवाय गुंडाळलेल्या साडीत बाटली फुटली तर आईच्या मताला पुरावाच मिळेल. त्यापेक्षा दुकानातली सीलबंद जिन घेऊन जा. भारतात दोन लिटरपर्यंत जकात लागत नाही. किंवा काहीच नेऊ नका. २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' नावाची जिन आली तेव्हापासून गोव्यात चांगली जिन व्हायला लागली आहे आणि ती पुण्यात मिळते. आपल्याकडची जिन बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे फळाचं पाणी सोसायला तुमच्या तिकडच्या बाटलीपेक्षा दणकट. बाबांकडे परवाना आहे का ते तेवढं बघा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे लोक सोयीने विसरतात.

बाबांच्या युक्तिवादाला मी दाद देते. माझ्या सासऱ्यांनी चहात दोन चमचे साखर घालून वर कारल्याचा रस प्यायचा प्रयोग केला होता, त्याच घराण्यातला हा विचार आहे. पण जांभळाचं शुगरबद्दल जे काही नाव आहे ते जिनमध्ये बुडवून टिकत नाही. आणि खरी अडचण जांभूळ किंवा साखरेची नाहीच. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना रिकाम्या पोटी मद्य घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, तीही मध्यरात्री, झोपेत. घाम, थरथर, बडबड. घरच्यांना वाटतं जास्त झाली, म्हणून झोपू देतात. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते नाव घेऊन त्यांच्या डॉक्टरांना विचारा, दोन पेगचा खरा आकडा सांगून विचारा. बाबांना लाज वाटली तर तुम्ही विचारा. डॉक्टर हो म्हणाले तर जेवणाबरोबर, लहान ग्लासात, बिनसाखरेची. नाही म्हणाले तर करवंदांचं काम आईकडे द्या, ती लोणचं घालेल.

हो म्हणाले असं धरून करवंदांचं सांगते. मे महिना अगदी बरोबर आहे, महाबळेश्वरच्या रस्त्याला बायका पानांच्या द्रोणांत घेऊन बसलेल्या असतात. पूर्ण काळी, दाबली तर मऊ लागणारी घ्या. मी पहिल्यांदा केली तेव्हा लालसर, अर्धी कच्ची घेतली होती, रंग छान येईल म्हणून. कच्च्या करवंदात चीक फार. तो सुटला आणि बरणीच्या गळ्याशी पांढरट चिकट कडं धरलं. गरम पाणी, राख, चिंच, सगळं करून झालं, शेवटी बरणी टाकली. तेव्हापासून करवंदं देठाकडून चिरते, दोन-तीन पाण्यांत चीक जाईपर्यंत धुते, कापडावर कोरडी करते आणि मग फ्रीझरमध्ये टाकते. एक वाटीभर फळं, एक क्वार्टर जिन. पहिल्यांदा अख्खा खंबा ओतू नका, १८० मिलिवर शिका. स्लोइतका वेळ लागत नाही. आठवड्याने चाखा, मला दहाव्या दिवशी आवडते. वाईच्या मे महिन्यातल्या उकाड्यात ब्रिस्टलचं वेळापत्रक चालत नाही, सगळं लवकर उतरतं, तेव्हा रोज चमचा घालून बघा.

आणि जिनमध्ये टॉनिक, म्हणजे ते कडसर सोडापाणी, घालाल तेव्हा आईला समोर बसवा. टॉनिकमध्ये आंबटपणा असतो. गडद जांभळी जिन त्यात पडली की लखलखीत गुलाबी होते. फळातल्या रंगाचा तो स्वभाव आहे, आंबट मिळालं की लाल व्हायचं. आई निदान बघेल तरी.

कोकम घालायचा मोह होईल. घरात असतात ती आमसुलं मिठाची असतात. मी घातली होती, जिनची सोलकढी झाली, तीही नारळाच्या दुधाशिवायची. बिनमिठाची सोलं मिळाली तरच.

काढलेली करवंदं ताटलीत उघडी ठेवू नका. ती गोड लागतात, मनुकांसारखी दिसतात आणि प्रत्येकात जिन भरलेली असते. मे महिना म्हणजे घरात सुट्टीला आलेली भाचवंडं असणार. डब्यात घालून, नाव लिहून, फ्रिजच्या वरच्या खणात ठेवा.